प्रमाणित ब्रॅट

पाटीची कल्पना माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि आमच्या इमारतीत तिखटमीठ लावणाऱ्यांची टंचाई नाही. कल्पना माझी, अर्ज माझ्या अक्षरातला, खाली सही माझी. त्याबद्दल मला जे काही बोलायला हवं ते आमची ही बोलून मोकळी झालेली आहे, आणि ती एकदा बोलून गेली की दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही. तेव्हा इतरांनी तसदी घेऊ नये.

मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं पारखायची, खरं असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते जप्त करायचं. मी रस्त्याच्या टोकाला दिसलो की भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळे आपापली पारडी पुसायला लागत. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भाजीवाल्याने मला पावशेरात दोन टोमॅटो कमी घातले आणि वर हसला. निवृत्त माणसाची किंमत अशी पासंगालाही पुरत नाही. त्याच्या हक्काची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दुपारची झोप. माझी तीन ते पाच, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, आरामखुर्चीत.

चार वाजता शाळा सुटते. सव्वाचारला इमारतीच्या आवारात, बाबागाडीतलं एक धरून, एकोणीस पोरं उतरतात. त्यांना शिट्टी लागत नाही, पंच लागत नाही, नियम लागत नाहीत. ओरडायला कारणही लागत नाही. त्यांचाच एक बॉल एके दिवशी सव्वाचार वाजून सहा मिनिटांनी माझ्या पोटावर येऊन बसला. मी दचकून उठेपर्यंत दाराची बेल वाजली होती.

दारात भिरभिरी उभी. भिरभिरी म्हणजे तळमजल्यावरच्या नर्सबाईंची मुलगी, वय वर्षं आठ. एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिली नाही म्हणून हे नाव पडलेलं. दोन्ही गुडघे फुटलेले, एक वेणी सुटलेली. म्हणाली, ‘आजोबा, बॉल द्या.’ माझ्या मुलाचं लग्न अजून ठरायचंय, त्यामुळे मी कोणत्याही हिशेबाने आजोबा होत नाही, हे मी तिला शांतपणे समजावून दिलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर तीन उड्या मारल्या, आणि म्हणाली, ‘बरं काका. बॉल द्या ना आजोबा.’

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. आवारात चार ते सात मुलांना खेळण्यास मनाई करावी आणि तशी पाटी लावावी.

आमचे चेअरमन नळांचे व्यापारी आहेत. त्यांच्या गाडीच्या दारावर बॉलचे चार पोचे पडलेले होते, त्यामुळे माझा अर्ज त्यांनी वाचायच्या आधीच मंजूर केला. पण पाटी कशी असावी याबद्दल त्यांची मतं होती. नियम कडक हवा आणि भाषा मऊ हवी. पाटी इंग्रजीतच हवी, कारण मराठीत लिहिलं की लोकांना आपल्यावर कोणी खेकसतंय असं वाटतं आणि इंग्रजीत लिहिलं की नियम वाटतो. आणि इंग्रजीतही ‘चिल्ड्रन’ नको, तो दवाखान्याच्या वॉर्डावरचा शब्द आहे. काहीतरी घरगुती, हसतखेळत, मैत्रीचं हवं.

मग समितीच्या सभेत सेक्रेटरीबाईंनी हात वर केला. त्यांचा नातू दीड वर्षाचा, त्याची बाबागाडी संध्याकाळी आवारातच फिरते. सरसकट मनाई केली तर तो कुठे जाणार? म्हणजे पाटीवर दोन शब्द हवेत, असं ठरलं. ज्यांनी यायचं त्यांच्यासाठी एक आणि ज्यांनी नाही यायचं त्यांच्यासाठी एक. आणि दोन्ही असे हवेत की वाचताच पोराला कळावं आपण कुठल्यात बसतो.

सभेत शांतता पसरली. अशा शांततेत शहाण्या माणसाने खिडकीबाहेर बघावं. मी घसा खाकरला. म्हटलं, खात्याचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार एकतीस वर्षं मीच बघत होतो. शब्द माझ्यावर सोडा, एकेक तोलून देतो.

झालं. खाज होती ना मला.

माझं काम म्हणजे चालढकल नाही. मी तीन शब्दकोश जमवले, एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. शब्द, वय, माया, राग, मळ. शेवटचे तीन दहापैकी. इंग्रजीत पोरांना लाडाने किंवा वैतागून म्हणायचे शब्द असतील फार तर सहा-सात, असा माझा अंदाज होता. चौथ्या दिवशी मी तिसाव्या शब्दावर होतो. किड, किडो, टॉट, टॉडलर, निपर, टाइक, इम्प, स्कॅम्प, अर्चिन, रास्कल, ब्रॅट, रगरॅट. शब्दकोशांचं आपसात पटेना. एकाने ‘इम्प’ म्हणजे गोड खोडकर मूल लिहिलेलं, दुसऱ्याने लहानसा सैतान. आता यात मायेला किती आणि रागाला किती द्यायचे?

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली आहे आणि कोणी विचारत नाही म्हणून ते बरेच दिवस भरून बसले होते. त्यांनी सांगितलं की किड म्हणजे मुळात शेळीचं करडू. टाइक म्हणजे गावठी कुत्रं. अर्चिन म्हणजे कोणे एके काळी अंगावर काटे असलेला एक प्राणी. रगरॅट म्हणजे सतरंजीवरचा उंदीर. इम्प म्हणजे झाडाचं कोवळं कलम, सैतान तो नंतर झाला. ब्रॅट म्हणजे बहुतेक फडकं, पण याबद्दल पंडितांत एकमत नाही, असं म्हणून त्यांनी त्या एकमत नसण्यावर पाऊण तास घालवला. मी थक्क झालो. एवढी सुधारलेली माणसं, आणि घरातल्या लेकरांना सगळा गोठा आणि सगळं जंगल लावून मोकळी झालेली.

हे मी घरी येऊन हिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, ‘आपण काय वेगळं करतो? तुमच्या चिरंजीवांना मी बारावीपर्यंत माकड म्हणत होते. तुम्ही गाढव म्हणायचात.’

यावर मी वहीत मराठीचा एक रकाना वाढवला. टॉट म्हणजे चिमुरडं. टॉडलर म्हणजे दुडुदुडु चालणारं, हे वयाचं माप आहे, स्वभावाचं नाही. किड म्हणजे नुसतं पोर, हा शब्द काट्यावर ठेवला तर काटा हलतच नाही, मायाही नाही आणि रागही नाही. निपर म्हणजे चुणचुणीत पोरगं. स्कॅम्प म्हणजे वांड, पण सांगणाराच्या ओठांवर हसू असलेलं वांड. अर्चिन म्हणजे दिवसभर मातीत लोळून आलेलं. आणि ब्रॅट म्हणजे कार्टं. नुसतं कार्टं नाही, दात-ओठ खाऊन म्हटलेलं कार्टं. माया दोन, राग सात, मळ पाच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वही काखेत मारून मी जिन्यात दिसलो की कोणी ना कोणी गाठायचंच. ‘किडोज’ घ्या, कानाला गोड लागतं. ‘लिटल एंजल्स’ घ्या, आईबाप खूश होतील. मी विचारलं, एंजलला मनाई करायची की एंजलला परवानगी द्यायची? यावर लोक ‘ते तुम्ही बघा’ म्हणायचे. ते मीच बघत होतो. बारा दिवस बघून मी अहवाल दिला, सव्वीस पानी, पुरवणीसकट. टॉट्स वेलकम. ब्रॅट्स नॉट अलाउड. चार ते सात.

समितीने टाळ्या वाजवल्या. रंगाऱ्याने पिवळ्यावर काळ्या अक्षरांत पाटी रंगवून आणली, फाटकाजवळ भिंतीला ठोकली, आणि मी खाली उभा राहून ती तीनदा वाचली. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

तेवढ्यात वॉचमन जवळ आला. भला माणूस, हळू बोलणारा. त्याने विचारलं, ‘साहेब, यातला टॉट कोण आणि ब्रॅट कोण?’ मी त्याला माया, राग आणि मळ समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. मग म्हणाला की आधीच्या नोकरीत त्याला कोणत्या गाड्या अडवायच्या त्याची यादी दिलेली असायची, खाली सहीसकट. यादी असेल तर तो खुद्द चेअरमनलाही अडवेल आणि यादी नसेल तर मांजरालाही अडवणार नाही. उगाच कोणाच्या पोराला ब्रॅट म्हटलं आणि बापाने गचांडी धरली, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार?

बरोबर होतं त्याचं. मी फॉर्म छापून घेतले. मुलाचं नाव, वय, वर्ग, पालकाची सही, निरीक्षकाची सही. वर्गाच्या रकान्यात टॉट किंवा ब्रॅट, नको असेल त्यावर काट मारावी.

आता इथे मी जी चूक केली ती वजनमापे खात्यातला माणूसच करू शकतो. खात्यात प्रत्येक वजन तपासायला एक प्रमाण वजन असतं. मखमलीच्या पेटीत, कुलपात. बाजारातलं वजन त्याच्याशी ताडून बघायचं आणि मगच शिक्का. तसं इथेही हवं, असं माझ्या मनाने घेतलं. एक प्रमाण टॉट आणि एक प्रमाण ब्रॅट. एकदा ते दोन ठरले की बाकीची सतरा पोरं त्यांच्याशी ताडून बघायची.

प्रमाण टॉट म्हणून सेक्रेटरीबाईंचा नातू सर्वांनाच मान्य होता. मी तपासणीला गेलो, तेव्हा तो माझ्या अंगठ्याला चावला. रक्त आलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, दात येताहेत त्याला. मी मायेतले दोन गुण कापले आणि पुढे गेलो.

प्रमाण ब्रॅट मिळेना. ज्या घराची बेल वाजवावी तिथे टॉट. दुसऱ्या मजल्यावर एक अकरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला मिसरूड फुटायला लागलंय, त्याच्या वडिलांनी छातीठोकपणे सांगितलं की तो वृत्तीने टॉट आहे. जुळ्या भावांनी वॉचमनच्या खुर्चीचा पाय कापून ठेवला होता, तो दिवस साऱ्या इमारतीने पाहिलेला. त्यांच्या आईने मला पाणी दिलं आणि म्हणाली की शेजारच्यांचा जर टॉट असेल तर माझे दोघं डबल टॉट लिहा. शेजारीण दाराआडून ऐकत होती. त्या दोघींचं बोलणं आजतागायत बंद आहे. एका गृहस्थांनी आपल्या चिरंजीवांसाठी तिसरा वर्ग काढा म्हणून लेखी अर्ज दिला, निदान ‘स्कॅम्प’ तरी द्या, दोनच वर्गांत मुलाच्या व्यक्तिमत्त्वाचा कोंडमारा होतो. मी अपिलाचे वेगळे फॉर्म छापले. ते संपले. पुन्हा छापले.

आठवड्याभरात अठरा फॉर्म भरून आले. अठरा टॉट. आणि त्या सगळ्याच घरांनी, मी न विचारताच, कोणी दारात, कोणी जिन्यात, कोणी माझ्या कानाशी येऊन, एकच नाव सांगितलं. ब्रॅट म्हणाल तर ती तळमजल्यावरची. तीच सगळ्यांना चिथावते. ती नसली तर आमची पोरं कशी गरीब गाय.

म्हणजे पाटी राहिली एका पोरीपुरती. अठरा पोरं चार ते सात आवारात येणार आणि एक घरात बसणार. हे मला तेव्हा दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. दिसलं. पण मी खूशच झालो, कारण नमुना सापडला होता, आणि बॉल माझ्याच पोटावर पडलेला होता. मी फॉर्म घेतला, ‘टॉट’वर आधीच काट मारली, आणि नर्सबाईंची बेल वाजवली.

नर्सबाई नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या. बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि ब्रॅट म्हणजे नेमकं काय, असं विचारलं. मी वही उघडली. माया दोन, राग सात, मळ पाच. आपल्याकडे कार्टी म्हणतो ना, तसं.

बाई हसल्या. मला वाटलं चिडतील, रडतील, दार लावतील, त्या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. त्या हसल्या आणि मागे वळून आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, ‘ए कार्टे, काकांसाठी पेन आण.’ आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग पेन आलं. त्यांनी सही केली. मग पेन परत देताना म्हणाल्या, ‘गेल्या वर्षी ही अकरा महिने पाठीवर पडून होती, काका. कमरेपासून खाली प्लास्टर. तेव्हा सगळी इमारत तिला गुणी बाळ म्हणायची. तुम्हीसुद्धा म्हणाला होतात, लिफ्टजवळ. किती शांत मूल आहे, आवाज म्हणून नाही. मी घरात जाऊन रडले होते.’

मला आठवलं. मी म्हणालो होतो. कौतुकाने म्हणालो होतो.

त्या पुढे म्हणाल्या, ‘प्लास्टर निघाल्यावर तिने पहिली फुलदाणी फोडली ना, त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा कार्टी म्हटलं. अकरा महिने थांबले होते मी त्या शब्दासाठी. तेव्हा लिहा खुशाल.’ मग टॉवेल घेतला आणि पाय पुसता पुसता विचारलं, ‘फक्त एवढं सांगा, डॉक्टरांनी रोज तासभर धावायला सांगितलंय. बाहेर तर हा एवढा रस्ता. ती धावणार कुठे?’

त्यांनी हे काही मला अडवायला विचारलं नव्हतं. खरोखर विचारलं होतं, औषध जेवणाआधी की जेवणानंतर असं विचारावं तसं. माझ्याकडे सव्वीस पानी अहवाल होता आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी ‘बघतो’ म्हणून निघालो.

तीन दुपारी झोप लागली नाही. चौथ्या दुपारी मी वही काढून बसलो आणि ब्रॅटच्या ओळीवर पुन्हा नजर टाकली. माया दोन. कोणाच्या काट्यावर? त्या बाईंच्या तोंडी तो शब्द ठेवला तर मायेचे दहापैकी दहा भरत होते, वर थोडे सांडत होते. बाकीच्या घरांच्या तोंडी ठेवला तर शून्य. आणि माझ्या तोंडी? माझ्या तोंडी ‘गुणी बाळ’ या शब्दाचं वजन किती होतं, ते मी मांडून बघितलं आणि वही मिटली. जे वजन एका दुकानात किलोभर भरतं आणि शेजारच्या दुकानात पावशेरही भरत नाही, त्याला आमच्या खात्यात एकच शिक्षा आहे. नापास करायचं आणि पुन्हा बाजारात येणार नाही असं बघायचं.

रविवारी सर्वसाधारण सभा झाली. मी उठून सांगितलं की अहवाल मागे घेतोय, पाटी काढा, यादीवर मी सही करणार नाही. लोकांना वाटलं मी आणखी पुरवणी जोडतोय. चेअरमन म्हणाले, ‘अहो निरीक्षक, अर्ज तुमचा, शब्द तुमचे, फॉर्म तुमचे. आता काय झालं?’

‘हो, माल माझाच आहे,’ मी म्हटलं. ‘आणि मीच तो नापास करतोय.’

मतं घेतली. पाटी राहावी म्हणून सतरा हात वर गेले. माझ्या बाजूने चार. मी, ही, नर्सबाई आणि प्राध्यापक. प्राध्यापकांनी हात वर करताना स्पष्ट केलं की त्यांचा विरोध तत्त्वाचा नाही, ब्रॅटच्या मूळ अर्थाबद्दलचा आहे. मी तेही मत मोजून घेतलं. ब्रॅटने आपल्याला फार काही दिलेलं नव्हतं, निदान हे एक मत तरी दिलं.

पाटी राहिली, पण यादीवर सही कोण करणार? मी नाही म्हटल्यावर चेअरमननी सेक्रेटरीबाईंकडे बघितलं. बाईंना एकाएकी नातवाचं दूध आठवलं. खजिनदारांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, तो त्यांच्या डोळ्यांवर होता. चेअरमनना दोन महिन्यांनी निवडणूक लढवायची होती आणि एकाही मतदाराच्या पोराच्या नावासमोर ब्रॅट लिहून खाली सही ठोकायची त्यांची इच्छा नव्हती, मग ते पोर नर्सबाईंचं का असेना. सतरा माणसं एका पोरीला घरात बसवायला तयार होती, पण तसं कागदावर लिहायला एकही तयार नव्हतं. वॉचमन म्हणाला, सही नाही तर यादी नाही. पाटीखालून एकोणीसही पोरं ये-जा करत राहिली.

सोमवारी मला नोटीस आली. समितीचा वेळ आणि स्टेशनरी वाया घालवल्याबद्दल शनिवारपर्यंत लेखी माफी मागा, नाहीतर यादीवर सही करा. मी ती वाचली, घडी घातली आणि हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवली. कपाट आता हलत नाही.

माफी? मी? चूक केली तर ती पाटी मागण्याची केली, आणि ती मागणी मी मागे घेतली. आता चूक सुधारल्याची माफी मागायची असेल तर मग काटेच बंद करा. मी त्याच दिवसापासून चार वाजता खाली जाऊन पाटीच्या खाली खुर्ची टाकून बसायला लागलो. झोप गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी पोरांनी मला यष्टीमागे उभं केलं. तिसऱ्या दिवशी काढून टाकलं, कारण मी वाकत नाही. भिरभिरीने सांगितलं की काका, तुम्ही नुसते मोजा. मी तिच्या धावा मोजायला लागलो. एका संध्याकाळी एकशे चाळीस.

शनिवारी पाच वाजता चेअरमन खाली आले. लग्नाला निघालेले, अंगात पांढराशुभ्र झब्बा, काखेत यादीची फाइल, कारण मुदत संपत होती. मला उठायला सांगत होते इतक्यात भिरभिरीने बॉल ठोकला. तो बॉल जरा आधी गटारातून काढलेला होता. तो सरळ चेअरमनच्या छातीवर बसला आणि गोल, काळा, ठसठशीत शिक्का उमटवून खाली पडला. एकतीस वर्षांत एवढा स्वच्छ शिक्का मी मारला नाही.

अठरा टॉट्स क्षणात दिसेनासे झाले. भिरभिरी हातात बॅट घेऊन तिथेच उभी. पहिल्यांदाच एका जागी.

‘कोणी मारला?’ चेअरमननी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे या वेळी ते स्वतः सही करणार हे मला कळलं. झब्ब्यावर एवढा पुरावा असल्यावर निवडणूकही आड येणार नव्हती. ते पोर उद्यापासून घरात बसणार होतं. आणि ती पोर खोटं बोलणारी नाही. तिने तोंड उघडलंही होतं.

मी उठलो आणि तिच्या हातातली बॅट काढून घेतली. ‘मी मारला,’ मी म्हटलं.

एकतीस वर्षं मी एकही खोटं वजन पास केलं नाही. लाच नाकारली, बदल्या सोसल्या, सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटा जप्त केला. हे पहिलंच. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं, बॅटकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते दिसत होतं. पण मला धडा शिकवायची संधीही दिसत होती, आणि ती त्यांना मोठी वाटली. त्यांनी फाइलमधून कोरा फॉर्म काढला आणि म्हणाले, ‘मग लिहा. स्वतःच्या हाताने.’ मी लिहिलं. नाव. वय एकसष्ट. ‘टॉट’वर काट. निरीक्षकाची सही केली, घरात जुना शिक्का होता तो आणून मारला. पालकाच्या सहीसाठी फॉर्म हिच्यापुढे धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याही कागदावर तिने सतरा प्रश्न विचारल्याशिवाय सही केलेली नाही. हा वाचून झाल्याबरोबर केली, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अशी यादी पूर्ण झाली. अठरा टॉटांच्या फॉर्मवर निरीक्षकाची सही नाही, म्हणून ते यादीत नाहीत. भिरभिरीच्याही नाही. सहीशिक्क्याचं असं यादीत एकच नाव आहे. चेअरमननी ती वॉचमनच्या हाती दिली आणि अंमल कडक झाला पाहिजे असं बजावलं.

अंमल कडक आहे. मी रोज चार वाजता खाली उतरतो. वॉचमन जिन्याच्या तोंडाशी येतो, यादी उघडतो, बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘साहेब, तुमचं नाव आहे.’ मी म्हणतो, दाखव. तो दाखवतो. मी नियमाचं कलम विचारतो, तो अर्ज कोणाचा होता ते विचारतो. मी ब्रॅटचं वय बारापर्यंतच असतं असं म्हणतो, तो फॉर्मवरचं एकसष्ट दाखवतो आणि ते माझ्याच अक्षरात असल्याचं मला मान्य करायला लावतो. अशी आमची रोज तासभर जुंपते. गच्चीतून चेअरमन बघतात आणि समाधानाने मान हलवतात, कारण वॉचमन एका ब्रॅटला खरोखर अडवून धरतोय.

वॉचमनची आवाराकडे पाठ असते. माझं तोंड असतं. त्याच्या खांद्यावरून मला भिरभिरी धावताना दिसते, आणि तो मध्येच गप्प होऊन हळूच विचारतो, ‘किती झाल्या, साहेब?’ मी आकडा सांगतो आणि पुन्हा भांडायला लागतो.